दोघांची बोट, एक हिवाळा: नॉरफोक ते बहामाज

आमची बोट 38 फुटी ट्रॉलर, मासेमारीची नव्हे, राहून प्रवास करायची संथ मोटारबोट. इंजिन एकच, डिझेलचं. बोटीचा 4 फूट भाग पाण्याखाली असतो आणि वेग 7 नॉट (ताशी 7 नॉटिकल, म्हणजे समुद्री मैल), म्हणजे निवृत्त माणसांना शोभेल इतकाच. दर हिवाळ्यात व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून दक्षिणेला फ्लोरिडापर्यंत जायचं, हवा जमली तर पुढे बहामाज, आणि उन्हाळ्याआधी परत. बोटीवर माणसं दोनच, दोघांचीही साठी उलटलेली. म्हणून एक नियम पहिल्यापासून पाळला: कामाला जोर लावावा लागतोय असं दिसलं की थांबायचं. 12 टनांची बोट हाताने ढकलून हलत नाही. ती हलते दोराने, इंजिनाने, वाऱ्याने नाहीतर पाण्याने. जोर लावायची वेळ येते तेव्हा दहा-पंधरा मिनिटं आधीच काहीतरी चुकलेलं असतं.

निघायची तारीख आपण ठरवत नाही, विम्याचा कागद ठरवतो. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. बहुतेक पॉलिसींमध्ये एक अक्षांश आणि एक तारीख दिलेली असते. त्या तारखेआधी त्या रेषेच्या दक्षिणेला असताना वादळाने नुकसान झालं, तर भरपाई नाही किंवा निम्मी. दुसऱ्या बाजूने थंडी मागे लागलेली असते. चेसापीक खाडीतल्या मरीना, म्हणजे बोटी ठेवायची छोटी बंदरं, नोव्हेंबरात धक्क्यावरचे नळ बंद करतात, नाहीतर पाइप गोठून फुटतात. या दोहोंच्या मधली फट म्हणजे ऑक्टोबरची अखेर. पॉलिसीतली ही रेषा नेमकी कुठे आहे ते वाचून नकाशावर पेन्सिलने आखून ठेवावं. तोंडी आश्वासनावर राहू नये.

वाट म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेला किनाऱ्याच्या आतला जलमार्ग. नॉरफोकला मैल 0, मायामीला साधारण 1,090. हे मैल जमिनीवरचे, नॉटिकल नव्हेत; म्हणून 7 नॉट म्हणजे इथे ताशी 8 मैल. नोव्हेंबरात दिवस लहान, अंधारात खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते बोये दिसत नाहीत, तेव्हा दिवसाला 50 मैल पुरे. ताशी 2 गॅलनच्या हिशोबाने दिवसाला 12-13 गॅलन डिझेल. गणिताने 22 दिवसांत मायामी यायला हवं. प्रत्यक्षात वारा, पूल आणि दुरुस्त्या धरून पाच-सहा आठवडे लागतात.

निघण्याआधी इंजिनाच्या तीन गोष्टी नव्या घालतो, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरी. पहिली, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक. जुना काढल्यावर पाती मोजायची. एक जरी कमी भरली तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो. तो शोधून काढला नाही तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. दुसरी, डिझेलचे फिल्टर: आधीचा 10 मायक्रॉनचा, इंजिनावरचा 2 मायक्रॉनचा. टाकीच्या तळाशी काळा गाळ बसलेला असतो. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो. बोट उसळायला लागली की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं खाडीच्या मुखाशी, लाटांमध्ये. फिल्टरवर व्हॅक्यूम मापक बसवलं की काटा चढताना दोन दिवस आधीच दिसतो. सुटे फिल्टर सहा तरी हवेत. बदलण्याचा आणि नळीतली हवा काढण्याचा सराव धक्क्यावर, थंड इंजिनावर, दोघांनीही करून ठेवायचा. तिसरी, बोटीखालचे ॲनोड, म्हणजे गंज स्वतःवर घेऊन झिजणारे धातूचे तुकडे. समुद्रात जस्ताचे चालतात, पण ही वाट गोड्या तपकिरी पाण्यातून खाऱ्यात आणि परत गोड्यात जाते. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम थांबवतं. ॲल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. निम्मे झिजले की बदलायचे.

नॉरफोकनंतर लगेच दोन फाटे. मोठ्या बोटी व्हर्जिनिया कटने जातात. दुसरा फाटा डिस्मल स्वॅम्प कालव्याचा, 1805 सालापासून वापरात असलेला, सुमारे 22 मैल लांब, दोन टोकांना दोन जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजेबंद हौद. झाडांच्या कमानीखालून जाणारा हा कालवा देखणा आहे यात शंका नाही. पण पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पाल्याचा गालिचा असतो आणि तो समुद्रपाण्याची जाळी तासाभरात भरून टाकतो. जाळीचं झाकण उघडण्याआधी बुडाची झडप बंद करायची, नंतर आठवणीने उघडायची. आम्ही इंजिनाची किल्लीच त्या झडपेच्या दांड्याला अडकवून ठेवतो. झडप उघडल्याशिवाय किल्ली हातात येत नाही.

त्यानंतर आल्बमार्ल साउंड, एक रुंद खाडी. नकाशावर साधं तळं वाटतं. खोली जेमतेम 15-20 फूट आणि वाऱ्याला मोकळं रान. त्यामुळे 20 नॉटच्या वाऱ्यातही लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. खोल समुद्रात त्याच वाऱ्यात बोट डुलते, इथे ती आदळते. अंदाज 15 नॉटच्या वर असेल तर आम्ही अलीकडेच नांगर टाकून बसतो.

खुणांबद्दल नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. दक्षिणेला जाताना लाल खुणा उजवीकडे, हिरव्या डावीकडे. पण वॉटरवे एखाद्या नदीच्या मुख्य प्रवाहात शिरतो तिथे त्या नदीच्या खुणा समुद्राकडून आत येणाऱ्यांसाठी लावलेल्या असतात, आणि रंग उलटे होऊ शकतात. अशा वेळी पाटीवरची छोटी पिवळी खूण पाहायची. पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, पाटीचा रंग कोणताही असो. तळाला टेकून बसलेल्या कितीतरी बोटी या एका खुणेकडे न पाहिल्यामुळे बसलेल्या असतात.

पुलांचं सोपं आहे. स्थिर पूल बहुतेक 65 फूट उंच, त्यामुळे ही चिंता उंच डोलकाठीवाल्यांची. मायामीचा ज्युलिया टटल पूल तर 56 फुटांचाच आहे. उघडणाऱ्या पुलांना रेडिओवर हाक मारायची: व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात चॅनेल 13, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडात चॅनेल 9. पुलाचं नाव, बोटीचं नाव, दिशा, एवढंच. अनेक पूल ठरलेल्या मिनिटालाच उघडतात. म्हणून आधीच्या पुलापासून वेग मोजून यायचं, म्हणजे प्रवाहात घिरट्या घालाव्या लागत नाहीत.

खोली हा खरा विषय. कागदावर नॉरफोक ते फोर्ट पिअर्स 12 फूट आणि तिथून मायामीपर्यंत 10 फूट खोली राखायची आहे. प्रत्यक्षात जिथे जिथे वॉटरवे समुद्राच्या एखाद्या मुखाला आडवा ओलांडतो, तिथे भरतीबरोबर आत आलेली वाळू दोन प्रवाहांच्या गाठीशी साचते. बोये हलवले जातात, छापील नकाशा मागे राहतो. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स ही अमेरिकी लष्कराची अभियंता शाखा अशा जागांची खोली मोजून सर्वेक्षणं जाहीर करते. ती नकाशाच्या ॲपवर चढवून ठेवली की वाळूचा नवा दांडा रंगाने कळतो. अशा जागी वेग 4 नॉटवर. हळू जाताना तळ लागला तर मागे घेऊन सुटता येतं. वेगात लागला तर बोट स्वतःच्या वजनाने दांड्यावर चढून बसते.

जॉर्जियात हिशोब बदलतो. इथे भरती-ओहोटीतला फरक 7 ते 9 फूट, उधाणाला त्याहून थोडा जास्तही. बरेच जण हे राज्य टाळून बाहेरून समुद्रातून जातात. आम्हाला टाळावंसं वाटत नाही, पण तिथे घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक मोठं. हेल गेट, लिटल मड रिव्हर, जेकिल क्रीक या उथळ जागा चढत्या पाण्यात, साधारण अर्धी भरती झाल्यावर गाठायच्या. पूर्ण भरतीला का नाही? कारण चुकून बसलोच, तर अर्ध्या भरतीला बसलेली बोट पाणीच अर्ध्या तासात उचलून देतं. पूर्ण भरतीला बसलेली बोट मात्र ओहोटीबरोबर कलंडते आणि पुढचे बारा तास तिथेच. उधाणाला बसली तर त्याहून वाईट. पुढे भांगाकडे (लहान भरतीच्या दिवसांकडे) जाताना रोजची भरती थोडी थोडी बुटकी होत जाते. टोइंगचं, म्हणजे अडकलेली बोट ओढून काढणाऱ्या सेवेचं, वार्षिक सदस्यत्व घेऊन ठेवावंच. पण चढत्या पाण्याएवढा स्वस्त आणि ताकदवान टगबोटवाला दुसरा नाही.

आता धक्का. या सगळ्या प्रवासात माणसाला दुखापत होते ती समुद्रात नाही, बोट धक्क्याला लावताना. बोट आणि खांब यांच्यामध्ये हात घालून, नाहीतर दोर घेऊन उडी मारून. आमच्या बोटीवर उडी बंद. पाय धक्क्यावर पडतो तो बोट थांबल्यावर, पायरीवरून उतरावं तसा.

त्यासाठी मरीनाला आधी रेडिओवर पाच प्रश्न विचारायचे: जागेचा नंबर, धक्का तरंगता की स्थिर, कोणती बाजू लागणार, आत्ता प्रवाह कोणत्या दिशेने आणि किती, वीज 30 ॲम्पिअरची की 50. चौथ्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळालं तर जवळच्या खांबाकडे पाहायचं. खांबामागे पाण्याची शेपूट कुठे पडते त्यावरून प्रवाह कळतो. चार्ल्सटन किंवा सव्हानाच्या परिसरात जागेला आडवा प्रवाह 2 नॉटच्या वर असेल, तर आत शिरतच नाही. बाहेरच्या लांब धक्क्याला तात्पुरतं बांधतो, नाहीतर पाणी थांबेपर्यंत बाहेर नांगरतो. भरती-ओहोटीच्या मधली ती थोडी स्तब्ध मिनिटं धक्क्यावरच्या चार मदतनीसांच्या बरोबरीची असतात.

धक्क्याकडे नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून यायचं. मग बोटीखालचा पंखा पुढे फिरत असतो, सुकाणूवरून पाणी वाहत असतं, म्हणजे बोट ताब्यात. आणि जमिनीच्या हिशोबाने मात्र ती जवळजवळ उभी. पहिला दोर बोटीच्या मध्यावरच्या क्लीटचा (क्लीट म्हणजे दोर अडकवायची खुंटी). तो धक्क्यावर थोड्या मागच्या क्लीटला अडकवून बोटीवर परत आणायचा आणि बांधायचा. मग इंजिन सर्वांत मंद गतीने पुढच्या गिअरमध्ये, सुकाणू धक्क्यापासून उलट बाजूला पूर्ण वळवलेलं. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, सुकाणू मागचा भाग धक्क्याकडे ढकलतं आणि बोट धक्क्याला सपाट चिकटून राहते. बाकीचे दोर मग सावकाश बांधावेत. एका दोराने आणि मंद इंजिनाने जे होतं ते चार तरुण पुढच्या दोराला लटकून करू शकत नाहीत. उलट कुणी उत्साहाने पुढचा दोर आधी ओढला की मागचा भाग बाहेर जातो आणि शेजारच्या बोटीवर आदळतो. म्हणून धक्क्यावरच्या मदतनीसाला स्पष्ट सांगावं: “दोर ओढू नका, फक्त त्या क्लीटला अडकवा.”

वाऱ्याने धक्क्याला दाबून धरलेली बोट सोडवायचीही हीच युक्ती, उलट्या बाजूने. पुढच्या टोकाचा दोर धक्क्यावरच्या मागच्या क्लीटला, पुढे एक जाड फेंडर (टक्कर झेलणारी फुगीर उशी), सुकाणू धक्क्याकडे, इंजिन मंद पुढे. मागचा भाग वाऱ्याविरुद्ध हळूहळू बाहेर येतो. मग मागे घेऊन निघायचं.

दोर नायलॉनचे, 16 मिमी जाडीचे, निदान सहा. नायलॉन ताणतं, झटका गिळतं. स्थिर धक्क्याला 8 फुटांच्या भरतीत दोर घट्ट बांधले तर ओहोटीला बोट दोरांना लटकते आणि क्लीट उपटली जाते. तिरके लांब दोर हाच उपाय. पैसे थोडे जास्त पडले तरी तरंगता धक्का घ्यावा.

विजेचा क्रम चुकवू नये. धक्क्यावरच्या खांबाचा ब्रेकर बंद, बोटीचा मुख्य स्विच बंद, केबल आधी बोटीला, मग खांबाला, मग ब्रेकर. काढताना उलट: आधी खांबाकडची, मग बोटीकडची. प्लगची पिन काळवंडली असेल तर ती जोडणी सैल आहे आणि तापते. एसी आणि गीझर एकदम चालवले की तिथेच आग लागते. नव्या धक्क्यांवर 30 मिलीॲम्पिअर गळतीला ब्रेकर पडतो. वारंवार पडत असेल तर दोष बहुधा आपल्या वायरिंगमध्ये असतो: न्यूट्रल आणि अर्थ बोटीच्या आत कुठेतरी जोडलेले असतात. मरीनाशी भांडून उपयोग नाही, इलेक्ट्रिशियन बोलवावा. आणि कितीही उकडलं तरी मरीनाच्या पाण्यात पोहू नये. एखाद्या बोटीतून गळणारी वीज पाण्यात असते, दिसत नाही, आणि स्नायू जखडून माणूस बुडतो. गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण वीज पाण्यापेक्षा शरीरातून सहज जाते.

मरीनाबाहेर राहायचं तर रोजचा जमाखर्च मांडावा. फ्रिज, दिवे, रेडिओ, पंप धरून आमचे दिवसाला 12 व्होल्टवर 120 ते 150 ॲम्पिअर-तास जातात. 400 वॉटच्या सौर पॅनलमधून हिवाळ्यातल्या फ्लोरिडात चांगल्या दिवशी 100 च्या आसपास परत येतात. उरलेली तूट इंजिन भरून काढतं. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात. लिथियमच्या घातल्या तर अल्टरनेटर सांभाळा. त्या पूर्ण भरेपर्यंत कमाल करंट ओढत राहतात आणि साधा अल्टरनेटर जळतो. मध्ये करंट मर्यादित ठेवणारा चार्जर हवाच.

पाणी दोघांना दिवसाला 6-8 गॅलन. संडासाची टाकी 30 गॅलनची, आठ-दहा दिवसांनी मरीनात पंपाने रिकामी करायची. किनाऱ्यापासून 3 नॉटिकल मैलांच्या आत मैला पाण्यात सोडणं बेकायदा, आणि समुद्राकडची झडप कुलूप किंवा पट्टी लावून बंद ठेवावी लागते. नळ्यांमध्ये समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून चुनखडीसारखा थर जमतो, शेवटी अंगठाही जात नाही इतकी वाट उरते. आठवड्यातून एकदा व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवायचं. हे काम कुणाचं यावर मात्र एकमत होत नाही.

नांगराचा हिशोब पाण्याच्या खोलीवर करणारे पहाटे वाहत जातात. समजा खोली 8 फूट, बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासून उंची 4 फूट, अजून चढायची भरती 7 फूट. बेरीज 19. पाचपट म्हणजे 95 फूट साखळी, वारा येणार असेल तर सातपट, 133. फक्त 8 फुटांवर पाचपट धरून 40 फूट सोडली तर पूर्ण भरतीला ती जेमतेम दुप्पट उरते; साखळी उभी होते आणि नांगर उपटते. नांगर पडल्यावर इंजिन हळूहळू मागे घेत मिनिटाला 1,500 फेऱ्यांपर्यंत न्यायचं आणि काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून पाहायची. रेषा मोडली नाही तर नांगर बसला. साखळीला 20 फूट नायलॉन दोर जोडून ताण त्यावर घ्यायचा, विंडलासवर (नांगर ओढायच्या यंत्रावर) नाही. नांगर टाकताना दोघांच्या कानाला हेडसेट. ओरडाआरडा दुसऱ्यांची करमणूक करतो, एवढाच त्याचा उपयोग.

बहामाजला जायचं तर मध्ये गल्फ स्ट्रीम. मायामीजवळच्या बिस्केन बेपासून बिमिनी सुमारे 45 नॉटिकल मैल. मध्ये उत्तरेकडे वाहणारी समुद्रातली नदी, सरासरी अडीच नॉट, मधोमध त्याहून जास्त. वारा उत्तरेकडून असला की प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्यामुळे वाऱ्याच्या अंदाजात उत्तरेचा अंशही असेल, मग तो ईशान्य असो की वायव्य, तर निघायचं नाही. हिवाळ्यात थंड वाऱ्याचे पट्टे साधारण आठवड्याला एक येतात. पट्टा आला की वारा नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य, पूर्व असा फिरत जातो. तो पूर्व-आग्नेयेला येऊन 10-12 नॉटवर उतरला, आणि त्यावर आणखी एक दिवस लाटा बसायला दिला, की फट मिळते. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे वाट पाहावी लागते. परतीची विमानतिकिटं काढून आलेले पाहुणे बोटीवर असतील तर या वाट पाहण्याचं मातेरं होतं; पाहुण्यांना तिथे पोहोचल्यावर बोलवावं.

दिशेचं गणित असं. बोट 7 नॉट, प्रवाह अडीच. सरळ रेषेत पोहोचायचं तर बोटीचं तोंड लक्ष्याच्या 21 अंश दक्षिणेला ठेवायचं. पुढे सरकण्याचा वेग साडेसहा उरतो, म्हणजे सात तास. ऑटोपायलटला नुसता शेवटचा बिंदू देऊन सोडलं तर तो सतत लक्ष्याकडे तोंड वळवत राहतो, बोट कमानीत जाते आणि शेवटचे तास प्रवाहाच्या विरुद्ध जातात. पहाटे पाचला निघालो की बारापर्यंत बिमिनी, सूर्य डोक्यावर. तो डोक्यावर असायलाच हवा, कारण तिथलं पाणी रंगाने वाचायचं असतं: गडद निळं खोल, फिकट हिरवट-निळं वाळूवरचं, पांढुरकं म्हणजे फार उथळ, तपकिरी म्हणजे खडक नाहीतर गवत. सूर्य समोर आणि खाली असेल तर यातलं काहीच दिसत नाही.

पोहोचल्यावर पिवळा झेंडा. कस्टम्स आणि इमिग्रेशन होईपर्यंत फक्त कप्तान किनाऱ्यावर जातो, दुसऱ्याने बोटीवर थांबायचं. अर्ज सरकारी पोर्टलवर आधीच भरता येतो. पासपोर्ट आणि बोटीची कागदपत्रं हाताशी ठेवायची. शुल्क बदलत असतं, निघण्याच्या आठवड्यात पाहावं. पुढच्या बेटांवर पश्चिमेकडून आसरा देणाऱ्या जागा कमी आहेत, त्यामुळे पुढचा पट्टा येण्याआधी मरीनातली जागा पक्की करायची. तिथे पाणी आणि वीज दोन्ही मीटरवर.

औषधं निदान 90 दिवसांची, मूळ डब्यांसह, दोन वेगळ्या पिशव्यांत. अमेरिकेतलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च मोजके अपवाद सोडता देत नाही. प्रवासविमा आणि हवाई रुग्णवाहिकेचा वेगळा विमा घ्यावा. 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहाकडे संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) बोटीच्या नावाने नोंदवलेला हवा. रेडिओवर संकटाची हाक देणं, इंजिन बंद करणं, बोट वळवून पाण्यात पडलेल्या माणसाजवळ नेणं हे दोघांनाही यायला हवं. पडणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला सगळं येत असतं. शिडी पाण्यातून ओढून खाली घेता येईल अशी असावी. 80 किलोचं भिजलेलं माणूस साठीतला जोडीदार हाताने वर काढू शकत नाही.

एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा स्थिर होतो आणि परतीचा स्ट्रीम सोपा जातो. प्रवाह आता घराच्या बाजूचा. अमेरिकेत शिरल्यावर कस्टम्सला ॲपवर लगेच कळवायचं. 1 जूनच्या आत विम्याच्या रेषेच्या उत्तरेला तरी पोहोचायचं, किंवा बोट यार्डात पाण्याबाहेर काढून जमिनीला पट्ट्यांनी बांधायची. यार्डात ठेवायची असेल तर डिझेलची टाकी पूर्ण भरलेली, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही आणि पाणी जमत नाही. पाण्याची टाकी रिकामी. गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. बुडाच्या झडपा ग्रीज लावून. छतावरचं कापड, सौर पॅनल, जे जे वाऱ्यात उडेल ते आत. आणि फ्रिजचं दार उघडं, मध्ये टॉवेलची घडी घालून. ते नुसतं लोटून गेलं तर ऑक्टोबरात आधी वास भेटायला येतो.